साथ ओसरली, सोने परतले नाही

गोमंतकीय गृहस्थाच्या घरी अडीअडचणीचा खरा आधार म्हणजे पेटीतील सोने. विमा, मुदतठेवी, भविष्यनिर्वाह निधी या नोकरदारांच्या गोष्टी. शॅकमध्ये राबणारा, टॅक्सी चालविणारा, बाजारात मासळी विकणारी यांची बचत पाटल्यांत आणि मंगळसूत्रात असते. 2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली, विदेशी पर्यटकांची विमाने थांबली आणि काही दिवसांतच ही सारी माणसे मिळकतीस मुकली. खाणपट्ट्यातील कुटुंबांची पुंजी तर मार्च 2018 मध्ये खाणी बंद पडल्यापासूनच आटत चालली होती.

सरकार स्वस्थ बसले, असे आम्ही म्हणणार नाही. शिधापत्रिकेवर धान्य मिळाले. कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत लांबणीवर टाकण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. व्याज मात्र चालूच राहिले. पुढे मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुदतीतील व्याजावरील व्याजास मनाई केली, पण व्याजमाफी नाकारली.

आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. 6 ऑगस्ट 2020 रोजी, चवथ अवघ्या सोळा दिवसांवर आली असता, सोन्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची परवानगी बँकांना मिळाली. (उसनवारी करावी, पण माटोळी रिकामी ठेवू नये, हा तर आपला बाणा!) सोन्याचा भाव तेव्हा उच्चांकावर, तोळ्यास सुमारे 55,000 रुपये होता. त्यावर 49,500 रुपये उचलणाऱ्यास तो दिलासाच वाटला असणार. मार्च 2021 मध्ये भाव 45,000 च्या आसपास उतरला. म्हणजे व्याज न धरताही कर्ज तारणाहून जड झाले! अशा वेळी सावकार असो वा बँक, आधी आणखी तारण मागते आणि मग लिलावाची नोटीस धाडते. त्यात मे महिन्यात दुसऱ्या लाटेने गोव्यास गाठले. घरात रुग्ण आणि पेटी रिकामी. 2025 साली तोळ्याने लाखाची मर्यादा ओलांडली. तेव्हा गेलेल्या पाटल्या आता पुन्हा कोण घडविणार?

साथीत रोजगार बंद होतो तो सरकारी आदेशाने. तेव्हा त्या मुदतीचे निर्वाहवेतन सरकारनेच द्यावे, आणि आदेश उठल्यानंतर किमान एक वर्ष गहाण दागिन्यांच्या लिलावास मनाई असावी. बँकांचा कारभार राज्याच्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. परंतु रिझर्व्ह बँकेकडे तसा आग्रह धरणारा ठराव विधानसभेच्या येत्या अधिवेशनात मांडण्यास कोणत्याही पक्षाची हरकत असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.