पेशीपटलाला आकार देणारी प्रथिने

प्रस्तावना :
पेशीपटल म्हणजे पेशीचे कुंपण, अशी ओळख पदवी वर्गात करून दिली जाते. आकृतीत ते दोन समांतर रेषांनी दाखविले जाते. त्यामुळे पटल सपाट व निष्क्रिय असते, असा समज दृढ होतो. वस्तुतः पोषकद्रव्यांचे ग्रहण, चेतासंधीवरील संदेशवहन आणि तंतुकणिकांचे विभाजन या क्रियांत पटल वाकते, नळीसारखे निमुळते होते व अखेरीस तुटते. हे कार्य प्रथिने कसे घडवितात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पटल वाकविण्याच्या रीती :
मेदरेणूंच्या दुहेरी थराची जाडी सुमारे 5 नॅनोमीटर असते. हा थर द्रवासारखा वाहतो. परंतु वाकण्यास विरोध करतो. त्यातून एक गोल पुटिका घडण्यास रेणूंच्या उष्मीय ऊर्जेच्या काहीशे पट ऊर्जा लागते. म्हणून हे काम आपोआप होत नाही. प्रथिने ते प्रामुख्याने तीन रीतींनी करतात. अँफिफायसिनसारख्या प्रथिनांचा चंद्रकोरीच्या आकाराचा भाग पटलावर साच्याप्रमाणे बसतो व पटल त्याचा आकार घेते. एप्सिनचा एक सर्पिल भाग थराच्या एकाच बाजूत पाचरीसारखा शिरतो. ती बाजू रुंदावते व पटल वाकते. तिसऱ्या रीतीत एका बाजूस प्रथिनांची दाटी झाल्याने पटलावर दाब येतो.

पुटिका विलग करणारे डायनामिन :
वाकलेल्या पटलाची मान तोडण्याचे काम डायनामिन करते. ते मानेभोवती सर्पिल वेढा घालते व जीटीपीच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेने वेढा आवळते. याचा सुगावा लागला तो ड्रोसोफिला माशीमुळे. मुकुटबन असो वा मुंबई, पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी ही चिलटाएवढी माशी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे 'शिबिरे' हे उत्परिवर्तित वाण सुमारे 29 अंश सेल्सिअसच्या वर लुळे पडते व थंडावा मिळताच पुन्हा हालचाल करते. चेतासंधीवर पुटिकांच्या माना तयार होतात, पण तुटत नाहीत. म्हणून संदेशवहन थांबते. हे जनुक डायनामिनचेच असल्याचे 1991 मध्ये स्पष्ट झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखविले की, या कार्यास जीटीपी पुरविणाऱ्या विकराचीही गरज असते.

पुण्यातील प्रयोग :
जिवंत पेशीत अनेक प्रथिने एकत्र काम करीत असल्याने नेमके श्रेय कोणाचे, हे ठरविणे कठीण जाते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत थॉमस पुकाडियील यांच्या गटाने काचेवर मेदरेणूंच्या अतिसूक्ष्म नळ्या तयार केल्या आणि त्यांवर शुद्ध प्रथिन सोडले. डायनामिन व जीटीपी मिळताच नळ्या आकुंचन पावून तुटताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. हे कार्य 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. तंतुकणिकांच्या विभाजनातील डीआरपी-1 हे प्रथिनही एकटे पटल तोडू शकते, असे याच गटाने 2018 मध्ये सिद्ध केले.

निष्कर्ष :
पटलाचा आकार हा ऊर्जा खर्चून घडविलेला असतो. डायनामिन-2 च्या जनुकातील दोषांमुळे स्नायू व चेतातंतूंचे आनुवंशिक विकार उद्भवतात, यावरून या कार्याचे महत्त्व ध्यानात येते. म्हणून अध्यापकांनी फळ्यावर पटलाच्या दोन सरळ रेषा काढल्यावर त्यांशेजारी वाकलेली मान व तिच्याभोवतीचा वेढाही काढणे उचित ठरेल.