आधी पडायला शिका

पावसाळ्यात बांधावर पाय घसरतो, माणूस हात टेकवून सावरायला जातो आणि मनगट मोडते. मुदखेड भागात पहाटे फुले तोडायला जाणाऱ्या बायांना किंवा स्टेशनच्या ओल्या फलाटावर गाडीमागे धावणाऱ्या प्रवाशांना हे नवीन नाही. आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले, म्हणून त्याला आजही ‘कॉलिस फ्रॅक्चर’ म्हणतात. सारा भार ताठ हातावर आला की मनगटाजवळचे हाड मोडते.

पडताना हात पुढे करणे ही शरीराची सवय आहे. ही सवय मोडण्यापासूनच ज्युदोचे शिक्षण सुरू होते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत हा प्रकार शिकवायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये तो ऑलिंपिकमध्ये आला. नवख्याला प्रतिस्पर्ध्याला उचलून टाकायला मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात चांगला प्रशिक्षक सुरुवातीचे दिवस फक्त पडण्याचा सराव घेतो. त्याला ‘उकेमी’ म्हणतात.

आपल्याकडे याची थोडी अडचणच होते. माळेगावच्या जत्रेतल्या कुस्त्या पाहून मोठ्या झालेल्या पोराच्या डोक्यात एकच हिशेब असतो: पाठ लागली की हरलो. त्यामुळे तो पडताना अंग ताठ करतो, हात रोवतो. ज्युदोच्या स्पर्धेतही पाठीवर स्वच्छ पडणारा हरतो. पण सरावात मात्र नीट पडणे हेच पहिले यश मानले जाते.

उकेमीचे शास्त्र साधे आहे. आघात लहान जागेवर आणि एकदम आला की इजा होते. तोच मोठ्या भागावर पसरला, थोडा अधिक वेळ घेऊन जिरला, तर शरीर तो सोसते. म्हणून पाठ गोल ठेवायची, हात रोवण्याऐवजी तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग मॅटवर आपटायचा आणि शक्य तेथे लोळण घ्यायची. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हनुवटी छातीकडे ओढून धरायची. ‘कमरेच्या पट्ट्याची गाठ पाहा’ असे नवख्यांना सांगतात ते यासाठीच. नजर गाठीवर असली की डोके मागे आपटत नाही.

डोके सांभाळण्याला एवढे महत्त्व का, हे खुद्द जपानच्या अनुभवातून कळते. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत तेथील शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुले दगावली. त्यांत नुकतेच शिकू लागलेल्या, पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रमाण मोठे होते आणि मुख्य कारण डोक्याची इजा हे होते. मागे पडताना डोके जोरात झटकले गेले, की कवटीच्या आत मेंदू हलतो आणि त्याच्यावरील नाजूक शिरा तुटून रक्त साचू शकते. त्यासाठी डोके फुटलेच पाहिजे असे नाही. बाहेर खरचटलेलेही नसू शकते.

म्हणून क्लासमध्ये नाव घालण्यापूर्वी पालकांनी एक तास बसून पाहावे. जाड, न सरकणारी मॅट आहे का? मुलांना आधी आडवे, मग उकिडवे आणि शेवटी उभे राहून पडायला शिकवतात का? जोडी वजनाने व अनुभवाने सारखी आहे का? पहिल्याच आठवड्यात फेकाफेकी सुरू असेल, तर तो क्लास नको.

डोक्याला मार लागल्यानंतर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली, मूल असंबद्ध बोलू लागले किंवा झटका आला, तर ‘झोपू द्या, बरे वाटेल’ असे म्हणू नये. विलंब न करता नांदेडच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. लक्षणे सौम्य असली तरी डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत सराव बंद ठेवावा. पहिला मार भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार फार घातक ठरू शकतो.

चाळिशीनंतरही हे शिकता येते. मात्र हाडे ठिसूळ असतील, मानेचा वा कमरेचा मणका दुखत असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. घरी एकट्याने प्रयोग करू नये. नेदरलँड्समधील नाईमेखेन येथे ज्येष्ठांसाठीच्या कार्यक्रमात तोल सांभाळण्याच्या व्यायामांसोबत मार्शल आर्टमधले पडण्याचे तंत्रही शिकवले गेले. कुशीवर पडताना खुब्यावर येणारा जोर त्याने कमी होतो, असे तेथील अभ्यासात दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. ज्युदोत पुढे पट्ट्याचा रंग बदलो न बदलो. पहिल्या महिन्यात शिकलेली ही एक गोष्ट बांधावर, न्हाणीघरात किंवा फलाटावर कधीतरी कामी येऊ शकते.