वल्हवणे जितके, विसावणे तितके
हुबळी-धारवाडसारख्या शहरांत नोकरी-शिक्षण सांभाळून कयाकिंग करणाऱ्यांनी थकव्याचा हिशेब कसा ठेवावा?

हुबळी-धारवाड ही जोडशहरे गोमंतकीय वाचकाला प्रामुख्याने म्हादईच्या पाणीवादामुळे परिचित आहेत. याच शहरांत राहून कयाकिंगचा नियमित सराव करू पाहणाऱ्यापुढे पाण्याचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. हुबळीच्या उणकल तलावाला सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ग्रासलेले आहे. वाहत्या पाण्यावर वल्हवायचे तर काळी नदी गाठावी लागते. दांडेली धारवाडहून हल्याळमार्गे सुमारे ५५ किलोमीटर, तर हुबळीहून ७५ किलोमीटरच्या आसपास आहे. शिवाय गणेशगुडीच्या पट्ट्यात नदीची पातळी सुपा धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. पाण्यावर उतरण्याची वेळ तेथे धरण ठरवते, खेळाडू नव्हे.

परिणामी नोकरदार किंवा विद्यार्थी खेळाडू सगळा भार रविवारवर टाकतो. पहाटे चारला उठणे, जाता-येता तीन तासांचा प्रवास, तीन तास वल्हवणे आणि सोमवारी सकाळी पुन्हा कार्यालय किंवा महाविद्यालय, असा हा क्रम. उत्साह कौतुकास्पद असला, तरी दुखापतीचे मूळ बहुधा याच क्रमात असते.

कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे आळीपाळीने पाण्यात घालतो. वल्हवण्याची खरी शक्ती दंडातून येत नाही. पायांनी दिलेला रेटा आणि कमरेपासून वळणारे धड यांतून ती येते. खेळाडू थकला की प्रथम धडाचे हे वळण कमी होते. मग तेच काम खांदा, कोपर आणि मनगट यांच्यावर पडते. म्हणूनच कयाकपटूंच्या तक्रारींत खांदेदुखी, मनगटाच्या स्नायुबंधांची सूज आणि कंबरदुखी वारंवार आढळतात. थकलेल्या शरीराने केलेला सराव निष्फळ तर ठरतोच, शिवाय चुकीची लकब अंगवळणी पाडतो.

सरावाने शरीर बळकट होते, हे अर्धसत्य आहे. सराव स्नायूंवर ताण आणतो. बळकटी येते ती त्यानंतरच्या विश्रांतीत. स्नायूंतील खर्ची पडलेला शर्करासाठा पूर्ववत होण्यास पुरेसा आहार घेऊनही साधारण २४ तास लागतात. एकाच स्नायुगटाच्या दोन जड व्यायामांत ४८ तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला प्रशिक्षक देतात, तो यामुळेच.

हा भार मोजण्याची एक सोपी पद्धत क्रीडाविज्ञानात रूढ आहे. सराव किती कठीण वाटला याला शून्य ते दहा यांपैकी गुण द्यायचे आणि त्या गुणांना मिनिटांनी गुणायचे. समजा, आठवड्यात तीन दिवस ४५ मिनिटांचा हलका व्यायाम केला आणि त्याला ४ गुण दिले, तर एकूण भार ५४० होतो. रविवारी १८० मिनिटे वल्हवले आणि ७ गुण दिले, तर एकट्या त्या दिवसाचा भार १२६० होतो. म्हणजे आठवड्याच्या १८०० पैकी ७० टक्के भार एका दिवसावर पडतो. त्याऐवजी मधल्या तीन दिवसांत ६० मिनिटांचा, ५ गुणांचा व्यायाम केला आणि रविवारी १२० मिनिटे, ६ गुणांच्या जोराने वल्हवले, तर अनुक्रमे ९०० आणि ७२० अशी वाटणी होते. श्रम फारसे घटत नाहीत, पण धक्का पुष्कळ सौम्य होतो.

यासाठी मंगळवारी व गुरुवारी बळवर्धक व्यायाम, बुधवारी पोहणे किंवा सावकाश धावणे, शुक्रवारी सांध्यांचे ताण-व्यायाम आणि सोमवार व शनिवार विश्रांती अशी आखणी करता येते. पावसाळ्यात काळी नदीवरील जलक्रीडा बंद असतात. ते महिने पायाभूत तंदुरुस्ती आणि जुन्या दुखण्यांचे उपचार यांसाठी राखून ठेवावेत.

मात्र या गणितात न दिसणारा भारही असतो. प्रवासात अवघडलेली कंबर, परीक्षेचा ताण किंवा रेल्वेतील रात्रपाळी यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. शरीर मात्र ती ठेवते. जोडशहरांच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. अवेळी पाणी आले की घरातील कोणाची तरी झोप मोडते, आणि ती व्यक्ती बहुधा स्त्री असते. खेळाडू मुलीच्या विश्रांतीचा प्रश्न अशा वेळी घरातील कामांच्या वाटणीशी येऊन भिडतो. कुमारवयीन खेळाडूला रोज आठ ते दहा तासांची झोप लागते. ती मिळवून देणे ही एकट्या खेळाडूची जबाबदारी नव्हे.

विश्रांती अपुरी पडत असल्याची चिन्हे ओळखणे अवघड नाही. सकाळी उठल्याबरोबर नाडीचे ठोके मोजावेत. ते सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा पाच ते दहाने जास्त भरले, झोप उडाली, चिडचिड वाढली किंवा वल्हे उचलताना खांद्यात कळ आली, तर त्या दिवशीचा सराव टाळावा. दुखणे टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. आहाराला महागड्या भुकटीची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ-उसळ, दही, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी-मासे यांतून बहुतेकांची गरज भागते. सरावापूर्वी व नंतर वजन केल्यास घटलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण लिटरभर पाणी शरीराने गमावले, हे कळते.

मांडवी किंवा शापोरा दाराशी असलेल्या गोमंतकीय खेळाडूचा प्रवास वाचतो. त्याची वेळ धरणाऐवजी भरती-ओहोटी ठरवते. पण पहाटेची भरती साधण्यासाठी रात्रीची झोप रोज कापली जात असेल, तर त्याचा हिशेबही हुबळीच्या खेळाडूसारखाच तुटीत जातो. सरावाच्या वहीत वल्हवलेल्या किलोमीटरशेजारी झोपेचे तासही लिहिले, तर ही तूट वेळीच ध्यानात येईल.