गाडी एका सालची, एसी दुसऱ्या सालचा

नाशिककर वर्षं सिंहस्थावर मोजतो. अमुक लग्न कुंभमेळ्याच्या आधीचं की नंतरचं, एवढं कळलं की साल आपोआप लागतं. आमच्या गाडीच्या एसीची आठवणही मला अशीच लागते. १९९१ च्या सिंहस्थात गाडीतला एसी ही मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची चीज होती. ‘नाशिकला कशाला लागतोय एसी’ म्हणत वडील काचा खाली करायचे. २००३ च्या सिंहस्थाच्या वर्षी मात्र, एप्रिलच्या उन्हात, आमच्या बिनएसीच्या मारुती ८०० ला एका जुन्या ८०० चा एसी बसला. तो बसताना जे पाहिलं, त्यानंतर जुन्या सुट्या भागांकडे बघायची माझी नजर बदलली.

आमची गाडी २००१ ची, स्टँडर्ड मॉडेल. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात १९९५ च्या, अपघातात गेलेल्या ८०० चा आख्खा संच हाती लागला: कूलिंग कॉइलचा डबा, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, पाइपांची जोडी. द्वारका चौकाजवळच्या एका एसीवाल्या मिस्त्रींनी तो गोणपाटावर मांडला, एकेक वस्तू उचलून पाहिली आणि वडिलांना म्हणाले, “काका, डबा बसेल. पण हा सगळा बारा नंबरचा माल आहे.”

बारा नंबर म्हणजे आर-१२. मफतलालांच्या कंपनीचा हा गॅस ‘मॅफ्रॉन’ नावाने यायचा आणि जुने मिस्त्री कुठल्याही गॅसला सर्रास मॅफ्रॉनच म्हणायचे. न जळणारा, अंगाला न बाधणारा, सगळ्या बाबतींत सोयीचा गॅस. पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की याच जातीचे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. २००० साली केंद्राने नियम केले आणि त्यांप्रमाणे १ जानेवारी २००३ पासून नव्या वाहनांच्या एसीत हा गॅस वापरायला बंदी आली. आमचं काम निघालं ते त्यानंतर तीन-चार महिन्यांनी. बारा नंबर तेव्हा मिळत होता, पण दर वर चढत होता. देशातलं उत्पादन थांबलं ते १ ऑगस्ट २००८ ला. दम्याच्या पंपांपुरती तेवढी सवलत उरली.

त्याच्या जागी आला आर-१३४ए, मिस्त्रींच्या भाषेत ‘एकशेचौतीस’. वरवर पाहता दोन्ही सालच्या गाड्यांचे भाग जुळ्या भावंडांसारखे दिसायचे. फसगत व्हायची ती तिथेच.

मिस्त्रींनी कॉम्प्रेसर उलटा धरला आणि आतलं तेल पांढऱ्या कागदावर ओतलं. पिवळसर, स्वच्छ. “अजून जिवंत आहे,” ते म्हणाले. तेलात काळी भुकटी असती तर त्यांनी तो परत पाठवला असता, कारण ती भुकटी म्हणजे आत घासून निघालेला धातू. मग ते सगळं तेल त्यांनी फेकलं. बारा नंबरबरोबर चालतं खनिज तेल, आणि ते एकशेचौतीसमध्ये विरघळत नाही. गॅस फिरत राहतो, तेल कॉइलच्या तळाशी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नव्या गॅसला पॅग नाहीतर एस्टर तेल लागतं. पॅगची बाटली उघडी राहिली की ती हवेतलं पाणी ओढते, म्हणून टाकायच्या वेळीच बूच काढायचं.

त्यानंतर ओ-रिंगा. प्रत्येक सांध्यातली काळी रिंग त्यांनी नखाने उचकटून काढली आणि डबीतली हिरवी, तेलात बुडवून, बोटाने बसवली. जुनं रबर नव्या गॅस-तेलापुढे टिकत नाही. जुने साधे रबरी पाइपही त्यांनी बाजूला ठेवले, कारण हा गॅस त्यांतून हळूहळू झिरपतो. ड्रायर तर बदललाच, त्यातले पाणी शोषणारे दाणेही गॅसप्रमाणे वेगळे असतात. कंडेन्सरवर मात्र वडिलांशी थोडी घासाघीस झाली. जुना होता नळी आणि जाळीचा, जड आणि दणकट. वडिलांना वाटत होतं, चांगला आहे तर कशाला टाकायचा? पण उन्हात एकशेचौतीसचा दाब बारा नंबरपेक्षा वर जातो, आणि सिग्नलला उभ्या गाडीत जुना कंडेन्सर ती उष्णता बाहेर फेकू शकत नाही. शेवटी बारीक चपट्या नळ्यांचा नवा कंडेन्सर आला. लिंक रोडवरून आणलेल्या संचातला डबा, ब्लोअर आणि कॉम्प्रेसर एवढंच गाडीत गेलं.

एवढ्याने भागलं नाही. १९९५ ची ८०० कार्बोरेटरची, आमची एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची. इंजिन बदललेलं, म्हणून कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट एमपीएफआय गाडीचाच शोधावा लागला. शिवाय जुन्या गाडीत एसी लावला की कार्बोरेटरजवळची एक छोटी डबी रेस वाढवायची, नाहीतर ७९६ सीसीचं इंजिन धापा टाकत बंद पडायचं. नव्या गाडीत ते काम इंजिनचा कॉम्प्युटर करतो. पण एसी सुरू झाला हे त्याला वायरिंगमधून कळवावं लागतं. ते वायरिंग करण्यात एक दिवस गेला. तरी कसारा घाट आम्ही शेवटपर्यंत एसी बंद करूनच चढलो.

व्हॅक्यूमची गंमत तर मी कधी विसरणार नाही. पंप लावून अर्धा-पाऊण तास झाला तरी काटा २८ इंचांच्या आसपासच अडकला. मुंबईहून आलेले मामा म्हणाले, लीक आहे, आमच्याकडे तो तिसाला टेकतो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “मामा, हे नाशिक आहे.” समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर हवेचाच दाब कमी, त्यामुळे पूर्ण व्हॅक्यूमलाही इथे काटा तेवढाच उतरतो. अर्धा तास पंप बंद ठेवला, काटा हलला नाही, मग गॅस सोडला. तोही जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्केच.

इतकं सविस्तर लिहितो आहे ते पुढच्या वर्षी जे पाहिलं त्यामुळे. आमच्या एका नातलगांनी त्यांची बारा नंबरची जुनी गाडी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे फक्त गॅस बदलला, जुनं तेल, जुन्या रिंगा तशाच. दोन महिन्यांत कॉम्प्रेसर जाम झाला आणि काळी भुकटी सगळ्या यंत्रणेत पसरली. त्या गाडीला नंतर कधी धड एसी मिळाला नाही. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याने किती गाड्यांचं असं वाटोळं केलं असेल, या विचाराने आजही राग येतो.

नाशिक नुसतं गाड्या दुरुस्त करणारं गाव नाही, इथे गाड्या बनतातही. महिंद्राच्या कारखान्यात १९९६ मध्ये फोर्डची एस्कॉर्ट जुळू लागली. पुढे फोर्ड चेन्नईला स्थिरावली आणि इथल्या एस्कॉर्टवाल्यांची पार्टसाठी ओढाताण सुरू झाली. २००७ मध्ये रेनॉची लोगान नाशिकलाच बनू लागली. २०१० मध्ये महिंद्राने रेनॉचा वाटा विकत घेतला आणि २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो म्हणून आली. नाव आणि बिल्ला बदलला, सांगाडा तोच राहिला. अशा गाडीच्या मालकाचं नशीब थोर. गॅस एकच, त्यामुळे तेला-रबराचा घोळ नाही. डिझेल की पेट्रोल एवढं विचारायचं, कारण इंजिन बदललं की कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट आणि पुली बदलते.

लिंक रोडचा तो बाजार महापालिकेने २०१७ च्या सुरुवातीला हटवला. अतिक्रमण होतं, तक्रारी होत्या, हे खरंच. पण जुनी गाडी जपणाऱ्यांच्या हातून त्या दिवसांत काय गेलं, याचा हिशोब कुणी मांडला नाही. तिथे माणसं साल विचारून पार्ट द्यायची. कार्बोरेटरचा डबा एमपीएफआयवाल्याला देताना अडचण आधी सांगायची.

आता एकशेचौतीसचीही घटका भरत आली आहे. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो. २०१६ मध्ये किगालीत त्यावर करार झाला, २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. आपल्याकडे या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठणार आणि २०३२ पासून उतरत जाणार. युरोपात नव्या गाड्यांतून तो २०१७ पासूनच हद्दपार झाला. तिथे आलेला वायएफ गॅस थोडासा ज्वलनशील आहे आणि त्याचे सर्व्हिस पोर्टही वेगळे. जुन्या गाडीवाल्यांना पुन्हा एकदा कॉइल कुठली, तेल कुठलं, रिंग कुठली हे पहिल्यापासून शिकावं लागणार.

आमची ८०० आम्ही २०१६ मध्ये मोडीत काढली. जायच्या आदल्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला. वयाने थकले होते, दुकान मुलगा बघत होता. कूलिंग कॉइलचा डबा काढून देता का, म्हणाले. सातपूरच्या एका कामगाराच्या १९९८ च्या गाडीला हवा होता. मुलगा घरी आला, डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि तासाभरात डबा काढला. एका कडेला त्याच्या वडिलांनी २००३ मध्ये पांढऱ्या पेंटने लिहिलेला १३४ चा आकडा अजून वाचता येत होता. त्याने तो फडक्याने पुसून नीट पाहिला आणि डबा गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पुढ्यात ठेवला.