डोकं दुखतंय, पण मूळ मानेत? हाताने उपचार आणि ‘ड्राय नीडलिंग’ कितपत उपयोगी

जुन्नर, आंबेगाव : ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षबागेत हात वर आणि नजर मांडवाकडे. मंचर, नारायणगावच्या बाजारात दिवसभर पोती आणि क्रेटची चढउतार. डिंभे, भीमाशंकरकडच्या वाड्यांवर डोक्यावर हंडा नाहीतर सरपणाची मोळी. अशा कामाने मान आखडते आणि काहींचं डोकंही ठणकू लागतं. मग ‘पित्त झालं’ किंवा ‘अर्धशिशी आहे’ म्हणत मेडिकलमधून गोळी घेतली जाते. मात्र काही जणांच्या डोकेदुखीचं मूळ मानेत असतं.

तिला ‘सर्व्हायकोजेनिक’ म्हणजे मानेतून उद्भवणारी डोकेदुखी म्हणतात. नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओतार स्यास्ताद यांनी १९८३ मध्ये हे नाव रूढ केलं.

मान दुखली तर कपाळ का ठणकतं?

मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन खोल्यांच्या वायरी एकाच बोर्डात जोडाव्यात, तसंच हे. बिघाड मानेत असला तरी मेंदूला वेदना डोळ्यामागे किंवा कपाळात जाणवते.

ओळखायचं कसं?

दुखणं बहुधा एकाच बाजूला असतं, मानेपासून किंवा डोक्याच्या मागून सुरू होऊन पुढे सरकतं. मान वळवली किंवा बराच वेळ एका स्थितीत ठेवली की वाढतं आणि मान पूर्ण वळत नाही. ठणके, मळमळ, उजेड-आवाज सहन न होणं हे मायग्रेनकडे बोट दाखवतं. गोची अशी की मायग्रेनमध्येही मान दुखते. त्यामुळे निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं, हेही अनेकांना माहीत नसतं.

हाताचे उपचार

यात फिजिओथेरपिस्ट आखडलेले सांधे हाताने हळूहळू मोकळे करतात. ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या उपचारांचा फायदा वर्षभरानंतरही टिकला होता. नुसत्या व्यायामानेही जवळपास तेवढाच गुण आला आणि दोन्ही एकत्र केल्यावर आणखी सुमारे १० टक्के रुग्णांना आराम पडला. व्यायाम साधाच असतो : उताणं झोपून, ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची आणि काही सेकंद धरायची. फुकटचा म्हणून तो सोडू नये.

सुईचं काय?

ड्राय नीडलिंगमध्ये बारीक सुई स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत टोचतात. औषध नसतं, म्हणून ‘कोरडी’. प्रागचे डॉ. कारेल लेविट यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की इंजेक्शनचा बराचसा गुण औषधाचा नसून सुईचा असतो. २०२१ मध्ये १४२ रुग्णांवरच्या अभ्यासात विजेची सौम्य जोड दिलेली सुई आणि मानेला झटका देणारा उपचार घेतलेल्यांची डोकेदुखी, सांधे हळुवार हलवणं आणि व्यायाम केलेल्या गटापेक्षा तीन महिन्यांनी अधिक कमी झाली होती. पण दोन्ही उपचार एकत्र दिल्याने श्रेय नेमकं सुईचं किती, हे त्यातून कळत नाही. सुई हा जोडउपचार मानणंच बरं.

टोचल्यावर थोडं रक्त येणं, एक-दोन दिवस ठणकणं नेहमीचं. खांद्याजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे क्वचित, पण गंभीर. सुई निर्जंतुक, नवी आणि एकदाच वापरायची असावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगावं. उपचार करणाऱ्याची नोंदणी आणि सुईचं प्रशिक्षण विचारायला संकोच नको.

सलूनमध्ये दाढीनंतर मान ‘कडकन’ मोडून घेणं मात्र थांबवावं. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, तापासोबत मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, पडल्या-झडल्यावर दुखणं सुरू झालं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास झाला, तर ना मालिश ना सुई. थेट रुग्णालय गाठावं.