दाणा सांगत नाही ते

ज्वारीच्या दोन मुठी शेजारी ठेवा. एक शेणखतावर पिकलेली, दुसरी युरियावर. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि पुष्कळदा प्रयोगशाळेलाही तो छातीठोकपणे सांगता येत नाही. कारण खत कुठलेही असो, पिकाची मुळे नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपांतच. जिवाणूंनी कुजवलेले शेण आणि कारखान्यातला युरिया, दोन्ही अखेर याच दारातून झाडात शिरतात. कीटकनाशकाचे अंश तपासणीत सापडू शकतात, पण दोन वर्षांपूर्वी बांधावर तणनाशक मारले होते का, हे दाणा सांगत नाही.

मग पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहायचे कशाच्या भरवशावर? शेताच्या इतिहासाच्या! प्रमाणपत्र मिळते ते त्या जमिनीवर घालवलेल्या दिवसांना, आणि मला यातली हीच गोष्ट विलक्षण वाटते.

भारतात निर्यातीच्या मालासाठी 2001 पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. तो अपेडा ही केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था चालवते. हंगामी पिकासाठी पेरणीआधी साधारण दोन वर्षे, फळबागेसाठी पहिल्या तोडणीआधी तीन वर्षे जमीन रसायनांविना कसावी लागते. या काळात उतारा अनेकदा घटतो आणि मालाला सेंद्रियचा भावही मिळत नाही. म्हणजे आपल्या विश्वासाची किंमत शेतकरी आगाऊ मोजतो.

पुढे निरीक्षक येतो. सातबारा, शेताचा नकाशा, बियाण्याची पावती, फवारणीची नोंदवही, सगळे पाहतो. शेजारच्या शिवारातला फवारा वाऱ्याने उडून येतो, म्हणून बांधालगत पट्टा सोडला आहे का? पंप आधी कशासाठी वापरला होता? गोणी कोणत्या मालाची होती? मग तो हिशेब मांडतो. शेतात सहा क्विंटल पिकत असेल तर सात क्विंटल विकता येत नाही, कारण प्रत्येक विक्रीची नोंद ‘ट्रेसनेट’ या संगणकीय प्रणालीत होते आणि तेवढा माल शिलकीतून वजा होतो. कागदावरची ही वजाबाकी भेसळीची वाट अडवते.

सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वे जास्त असतात, असे हे प्रमाणपत्र म्हणत नाही. ते एवढेच सांगते की कृत्रिम खते, रासायनिक कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे वापरलेले नाही. पण ‘एवढेच’ म्हणावे असे ते थोडे नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंपात काय भरले जाते, याचा पहिला संबंध खाणाऱ्याशी नाही, पंप पाठीवर घेणाऱ्याशी आहे.

लहान शेतकऱ्याला तपासणीचा खर्च जड जातो. त्याच्यासाठी ‘पीजीएस-इंडिया’ ही पद्धत आहे: गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेते तपासतात. गावात फवारणी लपत नाही, तिचा वास दुसऱ्या बांधापर्यंत जातो! निर्यातीला हे प्रमाणपत्र चालत नाही, देशातल्या बाजारात चालते. दोन्हींपैकी कुठल्याही मार्गाने आलेल्या पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह शोधा. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला मात्र कायद्याने प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्याच्याकडून ज्वारी घेताना नोंदवही दाखवायला सांगा. शेतावर बोलावले तर जरूर जा.