मागे बोट, पुढे आठशे मैल!

आपली लाँग ड्राइव्ह कशी असते? शुक्रवारी रात्री ठरतं, शनिवारी पहाटे गाडी निघते. टायरमध्ये हवा, टाकीत पेट्रोल, बाकी वाटेत बघू! आणि वाटेत खरंच बघता येतं. आपल्या हायवेवर टपरी, पंक्चरवाला आणि फुकट सल्ला देणारे चार जण कुठेही भेटतात.

पण गाडीच्या मागे ट्रेलर असेल, ट्रेलरवर बोट असेल आणि वाटेत वाळवंट असेल तर? मग बॉस, ‘वाटेत बघू’ चालत नाही.

२०२५च्या जूनमध्ये मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आतेभावाकडे होते. सॉफ्टवेअरवाला दादा, टेस्टिंगवाली वहिनी, दोन मुलं आणि दारात सेकंडहँड १९ फुटी मोटरबोट. बेत होता ॲरिझोना-युटाच्या सीमेवरच्या लेक पॉवेलचा. ग्लेन कॅनियन धरणामागचा हा प्रचंड तलाव फ्रीमाँटपासून सुमारे ८०० मैलांवर आहे, म्हणजे जवळपास १३०० किलोमीटर. मुंबईहून नागपूर गाठून अर्ध्या वाटेने परत यावं, एवढं!

आधी गणित, मग गाणी

पहिलं काम वजनाचं. बोट आणि इंजिन २७०० पाउंड, ट्रेलर ७००, पेट्रोल १८०. वर नांगर, लाइफ जॅकेट, कूलर असं सामान धरून बेरीज ३९०० पाउंडांच्या घरात. दादाच्या एसयूव्हीची ओढायची क्षमता ५०००, म्हणजे पास. तरी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलंच. कारण कागदावरची बोट नेहमी हलकी असते, घरची माणसं सामान भरेपर्यंत!

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन कुठे आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार दांडीतून गाडीच्या हुकावर यायला हवा. सगळं जड सामान मागे टाकलं, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो आणि गाडीलाही खेचतो. अशा वेळी करकचून ब्रेक मारणं सगळ्यात वाईट. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

खरा व्हिलन

निघायच्या आदल्या संध्याकाळी दादाने ट्रेलरची चाकं जॅकवर घेतली. बोटीचा ट्रेलर दर वेळी पाण्यात बुडतो. प्रवासाने तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील जुनं असेल तर पाणी आत खेचलं जातं. मग ग्रीस बिघडतं, बेअरिंग गंजतं.

डावं चाक ठीक होतं. उजवीकडचं झाकण काढलं, तर ग्रीस दुधाळ, अगदी आपल्या कटिंग चहासारखं! बेअरिंगवर गंजाचे ठिपके.

‘‘मागच्याच वर्षी ग्रीस भरलंय गं, जाईल एवढी ट्रिप,’’ दादा म्हणाला. हॉटेलचं पहिल्या रात्रीचं बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं आणि दुकानं बंद व्हायला आली होती.

‘‘रिलीजच्या आदल्या दिवशी असा बग सापडला तर काय करतो आपण?’’ वहिनीने शांतपणे विचारलं. ‘‘मोहावीच्या वाळवंटात बेअरिंग जाम होऊन चाक निखळलं, तर मागच्या सीटवर ही दोघं असणार आहेत.’’

विषय संपला. दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकांची बेअरिंग आणि सील नवीन बसली. एक जादा हब ग्रीस भरून डिकीत गेला. आम्ही एक दिवस उशिरा निघालो.

रस्त्यावर येताना

मागे ट्रेलर असला की कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ताशी ५५ मैल. सगळे ओव्हरटेक करतात, करू द्यायचं. पहिल्या ५० मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळले. पुढे प्रत्येक थांब्यावर सगळ्यात आधी हबला हात! कोमट असेल तर मस्त. हात ठेववत नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. लास व्हेगासच्या अलीकडे बेकरनंतरच्या लांब चढावर तर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्याच आहेत. उकाड्यात मुलं किरकिरली, पण काटा जागेवर राहिला.

परतीचीही तयारी लागते. लेक पॉवेलमध्ये क्वागा नावाचे चिवट शिंपले आहेत. ते बोटीला चिकटून दुसऱ्या तलावात पोहोचतात आणि पाण्याचे पाइप तुंबवतात. म्हणून बोट धुवायची, सगळं पाणी काढायचं, पूर्ण वाळवायची. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर बोटींची तपासणी होते.

निघण्यापूर्वी एवढं बघाच

• टायरची नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका. कडेचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९च्या २३व्या आठवड्यातला टायर.
• स्टेपनी ट्रेलरची वेगळी हवी. गाडीचा जॅक ट्रेलरखाली बसतो का, ते घरीच बघा.
• सेफ्टी चेन दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा. हुक सुटला तरी दांडी त्यांच्या झोळीत पडते.
• बोट पुढून आणि मागून, दोन्हीकडून पट्ट्यांनी बांधा. ब्रेक लाइट, इंडिकेटर दुसऱ्याला मागे उभं करून तपासा.
• बोटीच्या तळाचं बूच प्रवासात काढून ठेवा. पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत तसा नियमच आहे. पाण्यात उतरवण्याआधी मात्र आठवणीने लावा!
• रिव्हर्सची प्रॅक्टिस रिकाम्या पार्किंगमध्ये करा. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा. ट्रेलर जिकडे हवा, तिकडे हात न्या.
• तलावाचा रॅम्प उघडा आहे ना, ते आधी विचारा. २०२३च्या सुरुवातीला लेक पॉवेलचं पाणी तोवरच्या नीचांकाला गेलं होतं.

हॉटेलचे एका रात्रीचे पैसे बुडाले, ते बुडालेच. पण बोट तरंगली, मुलं पाण्यात मनसोक्त डुंबली आणि ८०० मैलांत उजवा हब एकदाही कोमटपणाच्या पुढे गेला नाही. टेस्टिंगवाल्यांना ऑफिसात कितीही शिव्या घाला, लाँग ड्राइव्हला निघताना मात्र एक तरी सोबत घ्या!